चुकलेल्या नोटेचे मोल

लक्ष्मीपूजनाच्या ताटात कोऱ्या नोटा मांडण्याची आपल्याकडे रीत आहे. बँकेतून आधीच आणून ठेवलेली दहा-दहाची गड्डी, तिच्या शेजारी चांदीचा एखादा जुना रुपया, वर झेंडूचे फूल. अलीकडे मात्र या ताटाभोवती एक निराळीच पूजा सुरू झाली आहे. नोट मांडण्याआधी ती उलटसुलट करून निरखली जाते. क्रमांकात सातशे शहाऐंशी आहे काय? मागे ट्रॅक्टरचे चित्र आहे काय? छपाईत कुठे काही चुकले आहे काय? तसे काही सापडलेच, तर त्या नोटेचा फोटो निघतो आणि घरातला सातवीतला मुलगा विचारतो, "बाबा, हिचे किती लाख येतील?"

या प्रश्नाविरुद्ध हा लेख आहे. मुलाविरुद्ध नाही. मुलगा जे ऐकतो तेच विचारतो. आणि नोटा जमवण्याच्या छंदाविरुद्ध तर मुळीच नाही. उलट त्या छंदाच्या बाजूने चार शब्द बोलावेत म्हणूनच मी लेखणी उचलली आहे. कारण 'किती लाख येतील' या प्रश्नाने जितके नुकसान गरिबाच्या खिशाचे केले आहे, तितकेच या सुंदर छंदाचेही केले आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि अर्थशास्त्राचा माझा व्यासंग पगार महिनाअखेरपर्यंत पुरवण्याइतकाच. पण दोन गोष्टींचा मला दांडगा अनुभव आहे. मास्तर या नात्याने मी वीस वर्षे मुलांच्या चुका तपासत आलो आहे, आणि कादंबरीकार या नात्याने छापखान्याच्या चुका सोसत आलो आहे. माझ्या एका कादंबरीत चाळिसाव्या पानावरची सुमती एकेचाळिसाव्या पानावर सुमन होते आणि पुन्हा पंचेचाळिसाव्यावर सुमती होते. त्या आवृत्तीला आजवर कोणा संग्राहकाने छापील किमतीपेक्षा एक आणा जास्त दिलेला नाही. का दिला नाही? कारण पुस्तकात चुका असायच्याच, हे आपण गृहीत धरले आहे. ज्या गोष्टीचा सुकाळ, तिला भाव कसला?

मग नोटेतल्या चुकीलाच तेवढा भाव का? हा प्रश्न नीट विचारला, की सगळ्या विषयाची गाठ सुटते.

नोट कशी छापतात ते पाहा. हिंदुस्थानात सरकारी कागदी चलनाचा कायदा १८६१ साली झाला, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या नोटा विलायतेत छापून बोटीने येत. नाशिक रोडला सरकारी छापखाना उभा राहिला आणि १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. पहिली नोट पाच रुपयांची होती. कागदावर आधी पार्श्वभूमीचे फिके रंग चढतात, मग बोटाला खरखरीत लागणारी उठावाची छपाई होते, मग क्रमांक पडतात आणि शेवटी मोठ्या तावाची कापणी होऊन नोटा सुट्या होतात. या प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते आणि प्रत्येक पायरीची चूक वेगळी ओळखू येते. क्रमांकाचे यंत्र एखादा ताव चुकले, तर नोट बिनक्रमांकाची निघते. ओली शाई दुसऱ्या तावाला लागली, तर एका बाजूचे चित्र दुसऱ्या बाजूला उलटे उमटते. कापणीच्या वेळी तावाचा कोपरा दुमडलेला राहिला, तर नोट उलगडल्यावर एका बाजूला कागदाचा जादा पंख फुटतो. संग्राहक तिला फुलपाखरू म्हणतात. कापणीची रेघ सरकली, तर एका नोटेत शेजारणीचा काठ येतो.

अशा चुका होतात, आणि जवळजवळ सगळ्याच छापखान्याच्या भिंतीआड पकडल्या जातात. ताव तपासणारे डोळे, क्रमांक जुळवणारे डोळे, गड्ड्या मोजणारे हात, या सर्वांच्या नजरेतून सुटून एखादी चुकलेली नोट बाहेर पडते, ती कोट्यवधी बरोबर नोटांच्या गर्दीत. म्हणून ती दुर्मिळ. आणि माझ्या लेखाचे एकच म्हणणे आहे ते हे: चुकलेल्या नोटेला जे काही मोल आहे, ते चुकीचे नाही. ते त्या कोट्यवधी बरोबर नोटांचे आहे. नाशिक रोडचा कामगार गाफील असता, तर चुकलेल्या नोटा माझ्या सुमतीसारख्या पानोपानी सापडल्या असत्या आणि रद्दीच्या भावाने गेल्या असत्या. चुकीची किंमत अचूक काम करणाऱ्यांनी ठरवलेली आहे. ज्याला हे कळले, तो खरा संग्राहक. ज्याला हे कळले नाही, तो सोडतीचे तिकीट हातात धरून बसलेला माणूस.

खरा संग्राहक नोटेकडे साक्षीदार म्हणून पाहतो, आणि तिला प्रश्न विचारतो. नोटा कसे बोलतात, याचे चार नमुने सांगतो.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन रुपयांच्या जुन्या नोटांवर हिंदीत 'दो रुपया' असे छापलेले आढळते. पुढच्या नोटांवर तेच 'दो रुपये' झाले आहे. १९५३ मध्ये नव्या नोटांवर हिंदी ठळकपणे आली तेव्हा 'रुपया'चे अनेकवचन काय करावे यावर वाद झाला आणि निकाल 'रुपये'च्या बाजूने लागला. एका मात्रेचा प्रश्न! पण नव्या प्रजासत्ताकाला आपल्या भाषेचे व्याकरण देशाच्या चलनावर चारचौघांत दुरुस्त करावे लागले, ही गोष्ट त्या दोन नोटा शेजारी ठेवल्या की मुलाला दोन मिनिटांत कळते. व्याकरणाच्या तासाला मी हे उदाहरण देतो तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगाही पुढे वाकून पाहतो. अनेकवचनाबद्दल इतकी उत्सुकता मी एरवी पाहिलेली नाही.

दुसरी नोट फाळणीची. पाकिस्तान निर्माण झाले तेव्हा त्याच्याजवळ स्वतःच्या नोटा नव्हत्या. तेव्हा नाशिकला छापलेल्या आपल्याच नोटांवर 'पाकिस्तान सरकार' असे शब्द इंग्रजीत आणि उर्दूत जादा छापून १९४८ मध्ये त्या तिकडे चलनात आल्या. त्यांतल्या कित्येकांवर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही आहे. रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या आणि मेघदूत मराठीत आणणाऱ्या या गृहस्थांच्या सहीवर कराचीतल्या वाण्याने डाळ विकली. घर फुटल्यावर दोन्ही भाऊ काही दिवस एकाच चुलीवर जेवतात, तसेच ते झाले. अजाण माणसाला ही नोट चुकून दोनदा छापल्यासारखी वाटेल. जाणत्याला तिच्यात फाळणी दिसते.

तिसरा नमुना नोटेच्या तुकड्याचा. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मोठ्या रकमेची नोट टपालाने पाठवायची, तर ती मधोमध कापीत. अर्धी आज धाडायची, ती पोहोचल्याचे पत्र आले की उरलेली अर्धी धाडायची. वाटेत डाक लुटली गेली, तरी लुटारूच्या हाती निम्मा कागद. आमच्या खंडाळ्याचा बोरघाट १८६३ साली आगगाडीला खुला झाला. त्या काळच्या डाकेच्या थैल्यांतून अशा किती अर्ध्या नोटा हा घाट चढल्या-उतरल्या असतील! पुन्हा चिकटवलेली अशी नोट आज कोणी फाटकी म्हणून बाजूला सारील. पण तिच्या मधली ती चीर म्हणजे त्या काळचा विमा आहे.

आणि कागदाच्याही मागे जायचे, तर आमच्या कार्ल्याच्या लेण्यापाशी जावे. तिथे नहपान राजाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव भिक्षुसंघाला दिल्याचा लेख आहे. पुढे सातवाहनांनी त्याच गावाचे दान पुन्हा कोरवले. त्या आज्ञेत 'मामाल' येथल्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे, आणि हे मामाल म्हणजेच आपले मावळ, असे अभ्यासक मानतात. आता याला जोड पाहा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या राजाची मुद्रा! एकविरेच्या दर्शनाला आलेले हजारो लोक ज्या लेण्याच्या दारातून जातात, त्या लेण्यात आणि त्या नाण्यांवर एकच इतिहास लिहिलेला आहे. दुहेरी ठसा हे त्या काळच्या सत्तांतराचे वर्तमानपत्र होते.

छंद म्हणजे हे. आता छंदाच्या नावाने जे चालले आहे, तेही पाहू.

नाणे मावळातल्या एका गावच्या बाई मला ठाऊक आहेत. थोडी भातखाचरे, आणि लोणावळ्यातल्या बंगल्यांत स्वयंपाकाचे काम. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकल्या. देव्हाऱ्यातल्या डबीत त्यांनी पाच रुपयांच्या दोन जुन्या नोटा ठेवल्या होत्या, ट्रॅक्टरच्या चित्राच्या. नवऱ्याने पहिल्या मजुरीतून दिलेल्या, म्हणून ठेवलेल्या. कोणीतरी त्यांना फोनवर जाहिरात दाखवली की, अशा एका नोटेला लाखो रुपये मिळतात. त्यांनी दिलेल्या क्रमांकावर विचारले. पलीकडचा आवाज मोठा अदबशीर होता. आधी नोंदणीची फी मागितली, ती आठशे रुपये. मग कर. मग रक्कम पोहोचवण्याचा विमा. मग कराच्या पावतीचा कर. चार खेपांत अठरा हजार रुपये गेले. लोणावळ्याच्या चुलीपुढे उभे राहून मिळवलेले अठरा हजार. मग एक कागद आला, वर सिंहाची मुद्रा, खाली गोल शिक्का. तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, ह्यो शिक्का खरा हाय का, तेवढं बघा."

मी कागद पाहिला. तीन ओळींत पाच शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी म्हणालो, "मावशी, हा कागद खोटा आहे. आता एक पैसाही पाठवू नका."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण नोट तर माझी खरी हाय ना?"

नोट खरी होती. ती पाच रुपयांची खरी नोट होती. या बाईंनी ती डबीत ठेवली तेव्हा तिचे मोल त्यांना अचूक ठाऊक होते, आणि ते लाखात मोजण्यासारखे नव्हते. त्यांना दुसऱ्या कोणीतरी दुसरे मोल शिकवले. पोलिसांत तक्रार झाली, पण पैसे आजतागायत परत आलेले नाहीत.

हे काही नाणे मावळापुरते नाही. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर पत्रक काढून सांगावे लागले की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून फी, दलाली व कर उकळले जात आहेत, बँक असल्या व्यवहारात पडत नाही, आणि असली रक्कम मागण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. पत्रक चांगले होते. पण ते जिथे पोहोचायला हवे त्या चुलीपर्यंत पोहोचले नाही. म्हणून ते या दिवाळी अंकातून मी पुन्हा वाचून दाखवीत आहे. ज्याला आपण वस्तू विकणार, तो आपल्याला पैसे देतो. जो आपली वस्तू घ्यायच्या आधी आपल्याकडेच पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे, हे आठवड्याच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या आजीलाही कळते. फोनवर मात्र ते भल्याभल्यांना कळेनासे होते. आणि फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवावे. उशीर जितका जास्त, तितकी आशा कमी.

आता त्या सातशे शहाऐंशीकडे वळू. मुसलमान बांधवांना हा आकडा पवित्र वाटतो, आणि श्रद्धेने कोणी अशी नोट जपली तर मला त्याचा आदरच आहे. पण तिच्या दुर्मिळतेच्या गोष्टी सांगून ज्यांनी दुकान मांडले आहे, त्यांच्यासाठी फळ्यावर एक गणित मांडतो. सहा आकडी क्रमांक एकूण दहा लाख होतात. त्यांत ७८६ हे आकडे ओळीने येण्याच्या जागा चार. प्रत्येक जागी एक हजार क्रमांक. ७८६७८६ हा क्रमांक दोनदा मोजला गेला, म्हणून एक वजा. उत्तर ३,९९९. म्हणजे साधारण अडीचशे नोटांमागे एक नोट सातशे शहाऐंशीची! लोणावळ्यातला चिक्कीचा दुकानदार सुट्टीच्या दिवशी अशा किती नोटा गल्ल्यात टाकतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा. दर अडीचशेला एक जी वस्तू मिळते, तिला दुर्मिळ म्हणायचे, तर आमच्याकडचा श्रावणातला पाऊसही दुर्मिळ म्हणावा लागेल. ट्रॅक्टरच्या नोटेचेही तेच. ती वर्षानुवर्षे अमाप छापली गेली आहे.

यावर काही मंडळी म्हणतील, "गुरुजी, हौसेला मोल नसते. घेणारा घेतो, देणारा देतो, तुमचे काय जाते?" हा आक्षेप खोटा नाही. आणखी एक आक्षेप याहून बळकट आहे. संग्राहक म्हणतात, किंमत मिळते म्हणूनच जुन्या नोटा वाचल्या. किंमत नसती, तर १९१८ सालची अडीच रुपयांची नोट आज पाहायलाही मिळाली नसती. कोणी तिने विडी पेटवली असती. हे मला मान्य आहे. भावाने पुष्कळ कागद वाचवला आहे. लिलावात खऱ्या दुर्मिळ नोटेला मोठी रक्कम मिळते, जाणता माणूस ती देतो, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

पण भाव पुढे आणि जाण मागे, असा क्रम लागला की काय होते? चुका विकत मिळत नाहीत असे दिसल्यावर चुका बनवल्या जातात. रसायनाने क्रमांक पुसून 'बिनक्रमांकाची' नोट करतात, रंग उडवून 'अर्धवट छापलेली' करतात, कात्रीने काठ कापून 'कापणीची चूक' करतात. जो छंद खऱ्या कामगाराच्या अचूकपणावर उभा होता, त्यात आता खोटी चूक खपवली जाते. माझ्या वर्गात एखाद्याने गणित चुकवले तर मी समजू शकतो. पण कोणी मुद्दाम चुकवून त्याचे बक्षीस मागू लागला, तर काय करावे? पुण्याच्या जुन्या बाजारात नोटा विकणारा जुना माणूस अशी नोट हातात घेतो, उजेडाकडे धरतो आणि न बोलता परत देतो. ती नजर त्याला भावाने दिलेली नाही. हजारो बरोबर नोटा हाताखालून गेल्या, तेव्हा ती आली.

जाण नसली म्हणजे माणूस दोन्हीकडून नागवला जातो. खोट्यावर विश्वास ठेवतो आणि खऱ्यावर संशय घेतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नवी नोट आली तेव्हा तिच्यावर 'दोन हजार रुपया' असे चुकीचे हिंदी छापल्याचा बोभाटा झाला. वस्तुतः ती कोंकणी होती! नोटेच्या मागे पंधरा भाषांची चौकट आहे. तिच्यात 'दोन हजार रुपये' ही आपली मराठी, आणि 'दोन हजार रुपया' ही शेजारची कोंकणी. उत्तरेकडच्या माणसाला ते कळले नाही तर नवल नाही. पण गोव्याला दरसाल सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनीही ती चूक म्हणून एकमेकांना पाठवावी, याचे मला फार वाईट वाटले. शेजारणीची भाषा आपण छापखान्याची चूक ठरवली.

२०२३ साली दुसरी हूल उठली. क्रमांकात तारा असलेली नोट खोटी, अशी. दुकानदार त्या नोटा नाकारू लागले. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की, ताऱ्याची नोट इतर कोणत्याही नोटेइतकीच खरी आहे. छापताना एखादी नोट सदोष निघाली, की ती काढून तिच्या जागी गड्डीत ताऱ्याची नोट घालतात. २००६ पासून ही पद्धत आहे. म्हणजे तो तारा ही पकडलेल्या चुकीची खूण आहे. तपासनिसाने आपले काम चोख केले, याची ती पावती. वही तपासताना मी चूक खोडून बरोबर उत्तर लिहितो, तसाच तो तारा. आणि आपण त्या पावतीलाच खोटे म्हणालो!

याउलट मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यातले शेतकरी पाहा. जानेवारी २०१७ मध्ये तिथे काही शेतकऱ्यांच्या हाती बँकेतून दोन हजारांच्या अशा नोटा पडल्या, की त्यांवर गांधीजींचे चित्रच नव्हते. ते ताबडतोब बँकेत परत गेले आणि नोटा बदलून घेतल्या. आमच्याकडच्या हुशार मंडळींनी तेव्हा त्यांची कीव केली. "वेडे लोक! विकल्या असत्या तर मालामाल झाले असते." मला ते वेडे वाटत नाहीत. नोटाबंदीच्या त्या दिवसांत घरात रोकड नाही, पिकाचे दिवस, आणि हाती आलेली नोट दुकानदार घेईल की नाही याची खात्री नाही. अशा वेळी त्यांनी नोटेला नोटेचाच प्रश्न विचारला: हिच्यावर माल मिळेल का? चलनाचे पहिले काम तेच. संग्रह पोट भरल्यानंतरचा.

आपल्या कायद्यानेही हा फरक ओळखलेला आहे. नोटाबंदीनंतर २०१७ मध्ये जो कायदा झाला त्यानुसार पाचशे-हजाराच्या रद्द झालेल्या नोटा कोणालाही दहापर्यंतच जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक सापडल्या तर दहा हजार रुपये किंवा त्या नोटांच्या छापील रकमेच्या पाचपट, यांपैकी जे जास्त असेल तो दंड. मात्र अभ्यास, संशोधन आणि नाणकशास्त्र यांसाठी पंचवीस नोटा ठेवण्याची मुभा आहे. सर्वांना दहा आणि अभ्यासकाला पंचवीस! कायद्याच्या कोरड्या भाषेत संग्राहकाचा इतका मान राखलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. हा मान अभ्यासाला आहे, हे मात्र विसरू नये.

आता माझे गाऱ्हाणे शिक्षक-पालकांपुढे. शाळाशाळांतून हल्ली छंदप्रदर्शने भरतात. एका प्रदर्शनात एका मुलाने नोटांच्या प्रत्येक चिठ्ठीवर 'अंदाजे किंमत' लिहिलेली होती. सालाचा पत्ता नाही, सही कोणाची याचा पत्ता नाही. किंमत मात्र तीन ठिकाणी. त्याला पहिले बक्षीस मिळाले. दुसऱ्या एका मुलीने एक रुपयाच्या पाच साध्या, मळक्या नोटा मांडल्या होत्या आणि खाली लिहिले होते, 'एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही नसते, अर्थ सचिवांची असते, कारण ही नोट सरकार स्वतः काढते.' तिच्यापुढे कोणी थांबले नाही. मी परीक्षक नव्हतो. पण असतो, तर त्या मळक्या पाच नोटांना बक्षीस दिले असते. कारण तिने नोट वाचली होती.

वाचकहो, मुलांना नोटा जमवू द्या. त्याला फार पैसे लागत नाहीत. घरात आलेल्या नोटांतून एकेका सालाची, एकेका सहीची एक नोट बाजूला ठेवली, तरी वर्षभरात छोटा संग्रह होतो. २००५ च्या आधीच्या नोटांवर मागे छपाईचे साल नसे, हे त्यांचे त्यांना शोधू द्या. पंधरा भाषांतली आपली ओळ त्यांना बोट ठेवून वाचायला लावा, मग शेजारच्या ओळी. नोटेला टाचणी लावू नये, तिच्यावर लिहू नये, हे सांगा. एका रविवारी गाडीने मुंबईला नेऊन फोर्टातले रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय दाखवा. नाशिकला जाणे झाले तर अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेतही न्या. आणि खरोखरच चुकलेली एखादी नोट हाती आली, तर ती किती लाखांची असे विचारू नका. ती कोणत्या पायरीला चुकली, आणि इतक्या डोळ्यांतून सुटली कशी, हे विचारा.

आमच्या तळेगावात १९०८ साली पैसाफंडाचा काचकारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी देशी उद्योगासाठी माणसामागे एकेक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेमागे आपले बळ उभे केले. ज्यांनी पैसा दिला, त्यांतल्या कोणी आपला पैसा दुर्मिळ आहे काय, त्यावर कोणते साल आहे, असे विचारले नसेल. हलके नाणे त्यांनी भारी कामाला लावले. मावळच्या माणसाला पैशाचे मोल कळत नव्हते असे कोणी म्हणू नये. ते त्याला चांगले कळत होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत फोनवरच्या अदबशीर आवाजांनी ते त्याला विसरायला लावले आहे, आणि ते पुन्हा शिकवणे हे आपले, घरातल्या वडीलधाऱ्यांचे आणि मास्तरांचे काम आहे. या दिवाळीच्या सुट्टीत त्याला सुरुवात करावी. घरात पाच रुपयांची एखादी जुनी नोट असेलच. ती मुलाच्या हातात द्या आणि म्हणा, "वाच."